ट्रॅक्टर व ट्रॉलीच्या दिव्यांसाठी एल.ई.डी. बल्बांची निवड

ऊस गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर इत्यादी जिल्ह्यांतील रस्त्यांवर रात्रीची वाहतूक एकाएकी वाढते. दिवसभर तोड होऊन मोळ्या भरल्या जातात आणि सूर्यास्तानंतर एका ट्रॅक्टरास दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्याकडे निघतो. अशा वेळी ट्रॅक्टरचा चालक समोरचा रस्ता पाहत असतो. त्याच्या पाठीमागे पंधरा मीटर अंतरावर असलेल्या शेवटच्या ट्रॉलीचे तांबडे दिवे लागले आहेत किंवा नाहीत हे त्यास बसल्या जागेवरून दिसत नाही. मागून वेगाने येणाऱ्या मोटारसायकलस्वारास मात्र तेवढ्या एकाच गोष्टीचा आधार असतो. ट्रॉलीतून बाहेर आलेले वाढे, धुळीने माखलेला फाळका आणि काळोख ही तिन्ही एकत्र आली म्हणजे उभी अथवा मंद चालणारी ट्रॉली अगदी जवळ येईतो ओळखू येत नाही.

अलीकडे बहुतेक शेतकरी जुने बल्ब काढून त्यांच्या जागी एल.ई.डी. बल्ब बसवू लागले आहेत. ही सुधारणा निःसंशय उपयुक्त आहे. तथापि प्रत्यक्षात असे आढळते की, खर्च प्रथम पुढील मोठ्या दिव्यांवर केला जातो आणि मागील दिवे जसेच्या तसे राहतात. वस्तुतः एल.ई.डी.चे गुण सर्वांत अधिक उपयोगी पडतात ते ट्रॉलीच्या शेवटच्या टोकास. आणि तिचे दोष सर्वांत अधिक जाणवतात ते ट्रॅक्टरच्या पुढील दिव्यात. हे असे का होते, हे समजण्यासाठी दोन्ही प्रकारच्या बल्बांची रचना थोडक्यात पाहिली पाहिजे.

दोन प्रकारचे बल्ब

साध्या अथवा हॅलोजन बल्बात टंगस्टन धातूची बारीक तार विजेने तापून पांढरीफटक होते व प्रकाश देते. खर्च होणाऱ्या विजेपैकी फारच थोडा भाग प्रकाशात उतरतो; उरलेली सर्व वीज उष्णता होऊन जाते. तार तापलेली असताना मऊ असते, म्हणून खाचखळग्यांतील हादऱ्यांनी ती तुटते. ट्रॉलीस बहुधा स्प्रिंगा नसतात किंवा असल्या तरी ताठ असतात. त्यामुळे ट्रॉलीचे बल्ब ट्रॅक्टरच्या बल्बांपेक्षा लवकर जातात हा सर्वांचाच अनुभव आहे.

एल.ई.डी. म्हणजे प्रकाश-उत्सर्जक डायोड. हा अर्धवाहक पदार्थाचा लहानसा तुकडा असतो व त्यातून वीज एकाच दिशेने वाहू लागली म्हणजे तो प्रकाश देतो. तार नसल्याने हादऱ्यांनी तुटण्यासारखे त्यात फारसे काही नाही. डोळ्यांना दिसणारा तांबडा प्रकाश देणारा असा डायोड अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ साली तयार केला. पांढरा प्रकाश मिळण्यास मात्र त्यानंतर सुमारे तीस वर्षे लागली, कारण त्यासाठी निळा प्रकाश देणारा तेजस्वी डायोड हवा होता. तो सिद्ध करणाऱ्या इसामु अकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. आज बाजारात मिळणारी पांढरी एल.ई.डी. म्हणजे निळ्या डायोडवर पिवळसर प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा थर दिलेली असते. बल्ब कोणत्या रंगाचा घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर या माहितीत आहे; त्याचा विचार पुढे येईल.

ट्रॉलीच्या मागील दिव्यांचा हिशोब

मागील दिव्याच्या नेहमीच्या बल्बात दोन तारा असतात. एक ५ वॅटची, ती रात्री सतत जळते. दुसरी २१ वॅटची, ती ब्रेक दाबल्यावर लागते. शेवटच्या ट्रॉलीवर असे दोन बल्ब धरले तर ब्रेकच्या वेळी ५२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टांवर सुमारे ४.३ अँपिअर वीज तेथपर्यंत पोहोचली पाहिजे. बॅटरीपासून दुसऱ्या ट्रॉलीच्या फाळक्यापर्यंत वायरीची लांबी सहज १५ मीटर भरते आणि परतीचा मार्ग धरून ती ३० मीटर होते. ०.७५ चौरस मि.मी. जाडीची तांब्याची वायर, जी पुष्कळ ट्रॉल्यांवर दिसते, तिचा ३० मीटर लांबीचा विरोध सुमारे ०.७ ओहम असतो. याचा अर्थ, सर्व जोड उत्तम असतानाही जवळजवळ तीन व्होल्ट वायरीतच खर्ची पडतात व बल्बास नऊ-साडेनऊ व्होल्ट मिळतात. पहिल्या ट्रॉलीचे बल्ब याच वायरीवर असल्यास ही घट आणखी वाढते.

तारेच्या बल्बाचा स्वभाव असा की, विजेचा दाब थोडा घटला तरी प्रकाश फार घटतो. दाब एक-चतुर्थांशाने कमी झाला तर प्रकाश निम्म्याहूनही खाली येतो. त्यात गंजलेले होल्डर, ग्रीसने माखलेल्या हुकातून घेतलेली अर्थ आणि सुतळीने बांधलेले जोड यांची भर पडली म्हणजे शेवटच्या ट्रॉलीचा दिवा उदबत्तीच्या टोकासारखा दिसू लागतो. नवा बल्ब घातल्याने यात काही फरक पडत नाही, कारण दोष बल्बाचा नसून वाटेत हरवलेल्या विजेचा असतो.

हेच काम करणारा तांबडा एल.ई.डी. बल्ब ब्रेकच्या वेळी पाव अँपिअरच्या आसपास वीज घेतो. दोन बल्ब धरून अर्धा अँपिअर झाला. त्याच बारीक वायरीत आता अर्ध्या व्होल्टाहूनही कमी घट होते. शिवाय चांगल्या बल्बात वीज नियंत्रित करणारी लहान रचना असते. तीमुळे दाब दहा व्होल्ट असो वा चौदा, प्रकाश जवळजवळ सारखाच राहतो. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून ब्रेकचे सहा बल्ब होतात. जुन्या पद्धतीत त्यांना १२६ वॅट, म्हणजे साडेदहा अँपिअर लागतात. ब्रेकचा स्विच जळणे व फ्यूज वारंवार जाणे या तक्रारींचे एक मूळ येथे आहे; आणि फ्यूजच्या जागी साधी तार गुंडाळण्याची घातक सवयही यातूनच जडते.

आणखी एक लाभ वेळेचा आहे. तारेच्या बल्बास तापून पूर्ण प्रकाश देण्यास सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा लागतो, एल.ई.डी. तत्काळ लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाने मागून येणारे वाहन तेवढ्या अवकाशात तीन मीटरांहून अधिक पुढे आलेले असते.

कारखान्याच्या आवारात अथवा रस्त्याच्या कडेला पाळीची वाट पाहत ट्रॅक्टर रात्र-रात्र उभे असतात. इंजिन बंद आहे म्हणून बॅटरी वाचविण्यासाठी चालक मागील दिवेही बंद करतो, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांची गरज सर्वांत अधिक असते. ५ वॅटचे सहा बल्ब दहा तास जळले तर २५ अँपिअर-तास वीज खर्च होते. जुन्या बॅटरीवर सकाळी इंजिन सुरू होईल याची शाश्वती राहत नाही. तेवढ्याच वेळात एल.ई.डी.ला याच्या लहानशा अंशाएवढीच वीज पुरते. दिवे बंद करण्याचे कारणच त्यामुळे उरत नाही.

मागील दिव्यासाठी बल्ब कोणता घ्यावा

प्रथम जुना बल्ब काढून त्याच्या बुडावरील अक्षरे वाचावीत व खिळ्या पाहाव्यात. दोन तारांच्या बल्बाच्या बाजूच्या दोन खिळ्या वर-खाली असतात. एका तारेच्या बल्बाच्या खिळ्या समान उंचीवर असतात. दोन तारांच्या जागी एक तारेचा बल्ब ठोकून बसविल्यास रात्रीचा दिवा आणि ब्रेकचा दिवा यांत फरक राहत नाही. असे बसविलेले बल्ब कितीतरी ट्रॉल्यांवर दिसतात.

तांबड्या काचेमागे तांबडीच एल.ई.डी. घ्यावी. पांढरी बसविली की ती अधिक प्रखर दिसेल असा समज आहे, पण तो बरोबर नाही. तांबडी काच प्रकाशास रंग देत नसते. ती तांबड्याखेरीज बाकीचे रंग अडवून धरते. तारेच्या प्रकाशात तांबडा अंश भरपूर असल्यामुळे तेथे ही युक्ती साधते. पांढऱ्या एल.ई.डी.च्या प्रकाशात निळा व पिवळा-हिरवा अंश अधिक आणि तांबडा थोडा असतो; म्हणून तिचा बराच प्रकाश काचेतच अडतो आणि दिवा फिका गुलाबी दिसतो. तांबडी एल.ई.डी. मुळातच तांबडा प्रकाश देते, तो काचेतून जवळजवळ सगळा बाहेर पडतो. याच नियमाने इंडिकेटरच्या पिवळ्या काचेमागे पिवळी एल.ई.डी. बसवावी. नंबरपाटीवर उजेड पाडणारा दिवा मात्र पांढराच हवा.

बल्ब हातात घेऊन डायोड कोणत्या बाजूंना बसविले आहेत ते पाहावे. काही स्वस्त बल्बांत सर्व डायोड केवळ टोकावर असतात. असा बल्ब समोरून पाहिला तर डोळे दिपवितो, परंतु दिव्याच्या आतील चकचकीत वाटी अंधारात राहते व दुरून केवळ एक ठिपका दिसतो; थोडे बाजूने पाहिले तर तोही दिसत नाही. ज्या बल्बाच्या टोकावर व भोवताली, दोन्हीकडे डायोड आहेत, तो बल्ब वाटी उजळतो व संपूर्ण काच पेटल्यासारखी दिसते. दुकानात बल्ब लावून दाखविला जातो तेव्हा पाहणारा बल्बाकडे पाहतो. रस्त्यावर मागून येणारा काचेकडे पाहतो. हा भेद विसरू नये.

रात्रीचा प्रकाश आणि ब्रेकचा प्रकाश यांतील अंतर ही तिसरी कसोटी होय. हलक्या बल्बांत ते अंतर फार थोडे असते. ट्रॉलीमागे तीस पावले जाऊन उभे राहावे, दिवे लावावयास सांगावे व दुसऱ्या माणसाकडून ब्रेक दाबवून घ्यावा. ब्रेक दाबला हे भर दुपारी ओळखू आले पाहिजे. न आल्यास बल्ब परत करावा.

दिव्याची वाटी गंजली असेल, काच फुटली असेल किंवा होल्डर सैल झाला असेल तर नुसता बल्ब बदलण्यात अर्थ नाही. एल.ई.डी. आतच बसविलेले बंद दिवे हल्ली मिळतात. त्यांत पाणी व पाचटाची धूळ शिरत नाही. अशा ट्रॉलीस बंद दिवाच घ्यावा, आणि तो फाळक्याच्या खाली लपेल अथवा लोंबणाऱ्या वाढ्यांनी झाकला जाईल अशा ठिकाणी न बसविता चौकटीच्या बाहेरील कडेस बसवावा. वाहतुकीत ट्रॉलीची खरी रुंदी मागच्यास समजणे हे त्या दिव्याचे निम्मे काम आहे.

अर्थ हुकातून न घेता वेगळी वायर बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत न्यावी. एल.ई.डी.ला वीज थोडी लागते; पण जोड सैल असल्यास ती लुकलुकते. एल.ई.डी.स धन आणि ऋण टोकांचा भेद असतो. बल्ब बसविल्यावर लागला नाही तर तो बिघडला असे न समजता टोके उलटून पाहावीत. पाचरीसारख्या चपट्या बुडाचे लहान बल्ब तर नुसते फिरवून बसविले की चालतात.

इंडिकेटर वेगाने का लुकलुकतो

एल.ई.डी. बसविल्यानंतर इंडिकेटर फार भराभर लुकलुकू लागला किंवा मुळीच लुकलुकेनासा झाला, अशी तक्रार वरचेवर येते. जुना फ्लॅशर त्याच्यातून वाहणाऱ्या विजेवर चालतो. २१ वॅटच्या बल्बांची वीज मिळेल असे धरून तो तयार केलेला असतो. वीज कमी झाली म्हणजे एखादा बल्ब गेला असे समजून तो आपली गती वाढवितो. जुन्या तापणाऱ्या पट्टीच्या फ्लॅशरमध्ये पट्टी तापतच नाही, म्हणून दिवा नुसता लागून राहतो.

यावर ६ ओहमचा विरोधक जोडून देण्याची पद्धत बाजारात रूढ आहे. हा विरोधक जोडला म्हणजे १२ व्होल्टांवर २ अँपिअर वीज वाहते व २४ वॅट उष्णता होते. जी वीज वाचविण्यासाठी एल.ई.डी. घेतली तीच पुन्हा जाळण्याचा हा प्रकार आहे. शिवाय तो विरोधक इतका तापतो की त्यास लागलेले पाचट किंवा वायरीचे वेष्टन जळू शकते. त्यापेक्षा एल.ई.डी.साठी तयार केलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा. ट्रॅक्टरवरील इंडिकेटर जुनेच ठेवून केवळ ट्रॉल्यांवर एल.ई.डी. बसविल्यास जुना फ्लॅशर बहुधा पूर्ववत चालतो. एका बाजूचे चार बल्ब मिळून पूर्वी त्यावर सात अँपिअरांचा भार पडत असे, तोही हलका होतो. मात्र ट्रॉलीचा बल्ब बंद पडल्याची सूचना अशा जोडणीत मिळत नाही. ती डोळ्यांनीच घ्यावी लागते.

पुढील दिवे: प्रकाश किती, यापेक्षा तो कोठे पडतो

पुढील दिव्यात बहुधा एच-४ जातीचा ६०/५५ वॅटचा हॅलोजन बल्ब असतो. त्यात अप्परची तार वाटीच्या केंद्राशी असते. डिपरची तार थोडी पुढे असून तिच्या खाली धातूची लहानशी डबी असते. ही डबी खालच्या बाजूस जाणारा प्रकाश अडविते, म्हणून डिपरवर वाटीचा केवळ वरचा भाग उजळतो व तेथून प्रकाश खाली रस्त्यावर पडतो. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर जी काळोखी रेषा राखली जाते ती या डबीमुळे आणि तारेच्या नेमक्या जागेमुळे. तार अवघी काही मिलिमीटर लांब असते. ती जागेवरून किंचित ढळली तरी रेषा मोडते.

एल.ई.डी. बल्बात तारेच्या जागी एका पट्टीच्या दोन्ही बाजूंस डायोड चिकटविलेले असतात. पट्टी जाड असली तर प्रकाशाचा उगम केंद्रापासून दोहोंकडे सरकतो. तार चोहोबाजूंनी प्रकाश देते, डायोड दोनच बाजूंनी देतो. परिणामी वाटीच्या काही भागास अधिक व काही भागास कमी प्रकाश मिळतो. ट्रॅक्टरच्या चालकास समोर अंगणात पांढरा लख्ख उजेड पडलेला दिसतो व त्यास समाधान वाटते. पण जवळच्या त्या उजेडाने डोळ्यांची बाहुली आकसते आणि दूरचे कमी दिसते. रेषेच्या वर निसटलेला प्रकाश समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. निळसर पांढरा प्रकाश तितक्याच पिवळसर प्रकाशापेक्षा डोळ्यांस अधिक खुपतो. अरुंद रस्त्यावर समोरच्याचे डोळे दिपले तर धोका केवळ त्यालाच नसून ट्रॅक्टरलाही असतो.

जर्मनीत २०२० साली हॅलोजनच्या जागी बसविण्याच्या एल.ई.डी. बल्बास प्रथम रस्त्यावर परवानगी मिळाली, तीही सरसकट नव्हे; ज्या ज्या वाहनाच्या दिव्यात तो तपासला गेला त्या वाहनांची यादी करून तेवढ्यांपुरतीच. बल्ब एकटा चांगला किंवा वाईट नसतो, विवक्षित दिव्यात तो चांगला किंवा वाईट ठरतो, हे तत्त्व त्यामागे आहे.

म्हणून पुढील दिवा मंद वाटत असल्यास प्रथम आहे त्या हॅलोजनला पुरेशी वीज मिळते काय ते पाहावे. दोन दिव्यांना ५५ वॅटप्रमाणे नऊ अँपिअरांहून अधिक वीज लागते व ती जुन्या ट्रॅक्टरांत एका झिजलेल्या स्विचमधून जाते. बॅटरीपासून फ्यूजमार्गे जाड वायर घेऊन रिले बसविला आणि जुना स्विच केवळ रिले चालविण्यापुरता ठेवला, तर तोच बल्ब किती उजेड देतो हे पाहून आश्चर्य वाटते. वाटी काळवंडली असेल तर मात्र कोणताही बल्ब घालून उपयोग नाही, दिवा बदलावा.

एल.ई.डी.च घ्यावयाची झाल्यास वाटी, काच व डायोड एकत्र रचलेला संपूर्ण दिवा घेणे उत्तम. सात इंची गोल दिव्याच्या मापात असे दिवे उपलब्ध आहेत. ते घेताना डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठी केलेला दिवा आहे ना, हे विचारावे. डिपरचा प्रकाश आपल्याकडे डावीकडे, म्हणजे रस्त्याच्या कडेकडे, थोडा वर चढलेला असतो. उजव्या बाजूने वाहने चालणाऱ्या देशांसाठी केलेल्या दिव्यात तो उजवीकडे चढतो व सरळ समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

नुसता बल्बच घ्यावयाचा असल्यास पट्टी पातळ असावी, डायोडांची जागा व आकार जुन्या तारेच्या जागेशी व आकाराशी जुळावा, आणि डायोड वर-खाली नव्हे तर डावी-उजवीकडे तोंड करून बसतील असे बुडाचे कडे फिरविता यावे. डायोड स्वतः थोडाच तापतो असे वाटते, पण ती उष्णता पुढे न जाता बुडाकडे साठते व साठली तर डायोडचे आयुष्य घटते. यासाठी बुडाशी पंख्या अथवा लहान पंखा असतो. पाचट, माती व धुरळा यांत चालणाऱ्या ट्रॅक्टरवर हा पंखा लवकरच भरून बंद पडतो. तेव्हा पंखा नसलेला, जाड ॲल्युमिनियमचा बुडखा असलेला बल्ब पत्करावा आणि मागील रबरी टोपी नीट बसते याची खात्री करावी. वेष्टनावर छापलेल्या वॅटच्या आकड्यास फार महत्त्व देऊ नये. शंभर वॅट छापलेला बल्ब मोजून पाहिला असता त्याच्या पावपटीच वीज घेतो, असे अनेकदा आढळते. ९ ते ३२ व्होल्टांपर्यंत चालणारा बल्ब मात्र मुद्दाम मागून घ्यावा. बॅटरीचे जोड सैल झाले असता चालू ट्रॅक्टरात दाब क्षणमात्र फार चढतो, आणि हलका एल.ई.डी. बल्ब तेवढ्यानेच जातो.

भिंतीवरील परीक्षा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ अन्वये पुढील दिव्याचा झोत कायम खाली वळविलेला असला पाहिजे. तो इतका की, दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, उजव्या अंगास अर्धा मीटर बाजूला व जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळा असलेल्या माणसास तो दिपवू शकणार नाही. हा नियम म्हणजे एक तयार परीक्षाच होय. तिला कोणतेही यंत्र लागत नाही.

सपाट जागी ट्रॅक्टर गोदामाच्या भिंतीपासून ८ मीटरांवर उभा करावा. दिव्याच्या मध्याची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने आडवी रेघ ओढावी. जुना हॅलोजन असतानाच डिपर लावून उजेडाची वरची कड कोठे येते ते खुणेने दाखवावे. नंतर नवा बल्ब घालून पाहावे. कड स्पष्ट राहिली व खुणेशी जुळली तर बल्ब ठेवण्यास हरकत नाही. कड विस्कटली, किंवा रेघेच्या वर उजेडाचे पट्टे उमटले, तर दिवा खाली वाकवून हा दोष जात नाही. बल्ब परत करावा. परत घेण्याची अट विकत घेतानाच ठरवून घ्यावी हे सोयीचे. त्यानंतर दीड मीटरची काठी वरील जागी रोवून तिच्या टोकाशी डोळा नेऊन स्वतः पाहावे.

दिव्याचा मध्य जमिनीपासून १.२ मीटर उंच धरला व भिंतीवरील कड रेघेच्या २० सेंटिमीटर खाली ठेवली, तर झोत ४८ मीटरांवर जमिनीस टेकतो. ताशी २५ किलोमीटरने जाणाऱ्या ट्रॅक्टरास हे अंतर कापण्यास सुमारे सात सेकंद लागतात. डिपरवर याहून लांब पाहण्याची आवश्यकता नाही. मात्र ही परीक्षा भरलेली ट्रॉली जोडून करावी. ट्रॉलीचा भार हुकावर आला की ट्रॅक्टरचे तोंड थोडे वर उठते व रिकाम्या ट्रॅक्टरवर बरोबर असलेला झोत हंगामात वर जातो.

दाट धुक्यात पिवळा प्रकाश रंगामुळे अधिक दूर जातो, हा समज खरा नाही. धुक्याचे थेंब सर्वच रंगांचा प्रकाश सारखाच विखरतात. दिवा खाली बसविलेला असणे व झोताची वरची कड स्वच्छ असणे, यानेच धुक्यात फायदा होतो. थंडीच्या रात्री काचेच्या आत दव धरते. हॅलोजनच्या उष्णतेने ते वाळते, एल.ई.डी.च्या दिव्यात तसे होत नाही, म्हणून रबरी टोपी पुन्हा एकदा तपासावी.

काही सावधगिरी

नांगरटीसाठी अथवा रोटाव्हेटरसाठी ट्रॅक्टरच्या मागे पांढरा एल.ई.डी. दिवा लावतात. शेतात तो फार सोयीचा आहे. तोच रस्त्यावर चालू राहिल्यास मागून येणाऱ्यास समोरून वाहन येत आहे असा भास होतो. मागील बाजूस चालताना तांबड्याखेरीज दुसरा रंग दाखवू नये, असाच नियम १०८ चा आशय आहे. इंडिकेटर, नंबरपाटीचा दिवा व मागे घेतानाचा दिवा तेवढे अपवाद आहेत. या दिव्यास वेगळा स्विच ठेवावा व शेताबाहेर पडताना तो बंद करावा.

मागील तांबडा दिवा निरभ्र हवेत १५५ मीटरांवरून दिसावा, अशी नियम १०५ ची अपेक्षा आहे. संध्याकाळी ट्रॉली जोडून एखाद्याने दोनशे पावले मागे जाऊन पाहिले की याचा निकाल लागतो.

ट्रॉली सोडून रस्त्याकडेला ठेवली म्हणजे तिला वीजच मिळत नाही व उत्तमातील उत्तम एल.ई.डी. निरुपयोगी होते. तेथे परावर्तक पट्टीच कामास येते. मागे तांबडी, बाजूंस पिवळी व पुढे पांढरी पट्टी लावावी. ती दर खेपेस ओल्या फडक्याने पुसावी, कारण धुळीचा पातळ थरही तिची चमक नाहीशी करतो. उसाच्या बैलगाड्यांना तर दिवा नसतोच. त्यांच्या मागील आडव्या लाकडास तांबडी परावर्तक पट्टी लावण्यास काही मिनिटे पुरतात.

चालकासमोरील फलकावर बॅटरी चार्ज होते किंवा नाही हे दाखविणारा लहान बल्ब असतो. हौसेने तोही एल.ई.डी.चा करण्यात येतो. पुष्कळ अल्टरनेटरांना आरंभीची वीज या बल्बाच्या तारेतूनच मिळते, एल.ई.डी. बसविल्यास ती अपुरी पडते व इंजिन चालू असूनही बॅटरी भरत नाही. तो बल्ब जुनाच राहू द्यावा.

काढलेले चांगले बल्ब कागदात गुंडाळून हत्यारांच्या पेटीत ठेवावेत. एल.ई.डी. वाटेत बंद पडल्यास खेड्यातील दुकानात तशीच दुसरी मिळेल असे नाही. हॅलोजन बल्ब पुन्हा बसविताना त्याच्या काचेस बोटे लावू नयेत. हाताचा तेलकटपणा काचेवर राहून तेवढाच भाग अधिक तापतो व बल्ब लवकर फुटतो. चुकून बोट लागल्यास स्पिरिट लावलेल्या स्वच्छ फडक्याने काच पुसून, ती पूर्ण वाळल्यावर दिवा लावावा.